एकही पोच नाही

९ मार्च

धान्य-सोसायटीवाले दर नाताळात गिऱ्हाइकांना डायरी देतात. आमच्या घरात ती माझी बायको व्हर्ना लिहायची. ती गेल्यापासूनच्या सहा डायऱ्या कोऱ्याच कपाटात पडल्या आहेत. ही सातवी. आज उघडली, कारण आज मार्ला आली.

मार्ला माझी एकुलती एक मुलगी, वय चौतीस. चौदा महिन्यांनी आली, तीही माझ्यासाठी नाही, गाडीसाठी. समोरच्या काचेचा चुरा, टपावर शंभरावर पोच, डावीकडचा आरसा गायब. परवा टेक्ससच्या हद्दीत वर्षातली पहिली गारपीट झाली, तिच्यात ही दोघं सापडली. दोघं म्हणजे ती आणि तिचा ड्रायव्हर ग्रेडी. हा पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचा. आता वसंत आला की मार्लाला घेऊन वादळांमागे पळतो. ती टोर्नेडोचं चित्रण करते, टीव्हीवाले ते घेतात. वादळाची सोंड जमिनीला टेकली की हवामान कचेरीला पहिला फोन बहुतेक तिचाच असतो. मग गावोगावचे भोंगे वाजतात.

मी माझ्या गाडीदुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर केलं, गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणालो, "काय अवस्था करून ठेवलीस गाडीची!"

"मी ठणठणीत आहे हं बाबा, तुम्ही काळजी करू नका," ती म्हणाली.

ग्रेडी फिस्सकन हसला. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. ती धडधाकट समोर उभी होती, दिसतच होतं.

कॉफी घेताना म्हणाली, "दर वेळी काच बदलून कंटाळा आलाय. गारा, उडणारे पत्रे, फांद्या, कशालाच दाद देणार नाही अशी करून द्याल गाडी?"

अडतीस वर्षं मी गारांनी केलेलं निस्तरतोय. इथे ओक्लाहोमात वॉशिटा नदीच्या अलीकडे-पलीकडे असं एक शेत नसेल, ज्याच्या मालकाच्या पिकअपचे पोच मी काढले नाहीत. पण आधीच अडवायला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, बघू. मनातून फार बरं वाटलं, ते तिला दाखवलं नाही.

१४ मार्च

ती वरच्या जुन्या खोलीत राहतेय. ग्रेडी दुकानातल्या सोफ्यावर.

काम सुरू केलं. समोरच्या काचेपुढे चार बोटं अंतर ठेवून लोखंडी नळीची चौकट, तिच्यात जाळी. एरवी बॉनेटवर आडवी पडेल, गारा आल्या की उभी करायची. टपावर रबराचा जाड थर. दिव्यांना पिंजरे. मागच्या काचेच्या जागी सरळ पत्रा.

समोर कॅफे चालवणारी ओपल बघायला आली. सत्तरी उलटली तरी जीभ शाबूत आहे. "ऑरिन, मुलीला सर्कशीत पाठवतोयस का? वाघाचा पिंजरा केलायस."

"तुझ्या गोधड्यांपेक्षा बरा," मी म्हणालो. गारांचा इशारा आला की ओपल चार गोधड्या आणि दोरी घेऊन आपल्या गाडीवर चढते. आमच्याकडे निम्मं गाव हेच करतं. मग वारा येतो, आणि दुसऱ्या दिवशी जो तो दुसऱ्याच्या कुंपणावरून आपली गोधडी सोडवत असतो.

मार्ला म्हणाली, "आईची निळी गोधडी आहे का अजून? ती मला द्या. टपावर नाही टाकणार, मागे थंडी वाजते तेव्हा लागेल." दिली.

२० मार्च

ग्रेडीने जेवताना विचारलं, "मिस्टर रायमर, ही तुम्हाला सारखी टोमणे का मारते?"

मार्लानेच सांगितलं. "सोळा वर्षांची होते. पावसात लाल मातीच्या रस्त्यावर पिकअप घसरली आणि नाल्यात उलटी झाली. मी कशीबशी खिडकीतून बाहेर आले. बाबा धावत आले. मला वाटलं, आता जवळ घेतील. तर हे वाकून गाडीखाली बघतायत. मला म्हणतात, चेसी वाकली का गं?"

ग्रेडी इतका हसला की त्याला ठसका लागला. तीही हसली. मीही हसलो.

व्हर्ना त्यावरून महिनाभर माझ्याशी धड बोलली नव्हती. पण मी म्हणतो, मुलगी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली होती. चेसी बघायला नको?

२६ मार्च

आजचा दिवस चांगला गेला. वीस वर्षांत असा गेला नव्हता.

चाचणी घेतली. टेनिसचे चेंडू अर्धे कापून त्यांत पाणी गोठवलं, जोडून बर्फाचे गोळे केले. व्हर्नाचा फ्रीझर त्यांनीच भरलाय. कॉम्प्रेसरला लांब नळी जोडून तोफ केली आणि भंगारातल्या गाडीचं एक दार भिंतीला टेकवून त्यावर गोळे मारत बसलो. नुसत्या काचेच्या पहिल्याच गोळ्याला ठिकऱ्या. बाहेरून अर्ध्या बोटाएवढं जाड पॉलिकार्बोनेट, म्हणजे न फुटणारं पारदर्शक प्लॅस्टिक, बोल्टांनी बसवलं, तर गोळाच फुटला.

"नेम धरा बाबा, नेम! भिंत नाही पाडायची!" मार्ला ओरडत होती. मग तोफ तिने घेतली आणि एक गोळा थेट ओपलच्या कॅफेच्या पाटीवर. ओपल झारा घेऊन बाहेर आली. आम्ही बापलेक कॉम्प्रेसरमागे लपलो.

संध्याकाळी मार्लाने व्हर्ना करायची तसे वेरेनिके केले, म्हणजे उकडलेल्या करंज्याच. दह्याच्या सारणाचे निम्मे फुटले. सगळे खाल्ले.

११ एप्रिल

पहिली फेरी झाली. जाळीची भोकं मोठी पडली. दोन इंची गार आरपार आली आणि काचेवर चांदणी उमटली. बाकी गाडी शाबूत.

मार्लाने कागदावर काढून समजावलं. वादळ ईशान्येला सरकतं. आपण त्याच्या आग्नेयेला राहायचं, दक्षिणेचा रस्ता मोकळा ठेवायचा. गारांचा पडदा सोंडेच्या उत्तरेला असतो. त्या पडद्यात घुसायचं नाही, कारण आत काही दिसत नाही आणि बाहेर पडलं की समोर काय उभं असेल सांगता येत नाही. सगळे पाठलाग करणारे हा नियम पाळतात.

"मग तुला गारा लागतात कशाला?" मी विचारलं.

"कडेकडेने जाते ना. कडेच्या लागतात."

या वेळी सोंडेपासून चार मैलांवर होती म्हणाली. बारीक जाळी लावायला घेतली.

१९ एप्रिल

बारीक जाळी बसली. चारही दारांच्या काचांवर पॉलिकार्बोनेट, प्रत्येकी चौदा बोल्ट. आतून-बाहेरून हलणार नाही. खाली रबरी झालर, म्हणजे वारा पोटात शिरून गाडी उचलणार नाही.

मार्ला आत बसली. बटण दाबून काच खाली घेतली, तर बाहेरून पॉलिकार्बोनेट तसंच. "बाबा, मी चित्रण कुठून करू? मी काच उघडून कॅमेरा बाहेर काढते."

"त्यातूनच घे. पाण्यासारखं स्वच्छ आहे."

"आज आहे."

मी म्हटलं, फारच वाटलं तर दार उघड, मिनिटभर उतर, आत ये. उघडी खिडकी ठेवली तर एवढ्या कष्टाचा उपयोग काय? ती तिच्या आईसारखं खालचा ओठ चावत बसली.

३० एप्रिल

दोन मैल! गाडीवर एक ओरखडा नाही. एका कोठाराचा पत्रा उडून आला, मागच्या पत्र्यावर आपटला आणि पुढे गेला. मागे काच असती तर तो पत्रा थेट पुढच्या सीटपर्यंत आला असता. मार्लाने फोनवर सांगितलं तेव्हा आवाज चढलेला होता. मी दुकानात एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

ओपलला सांगितलं. ती म्हणाली, "आधी चार मैलांवर होती ना रे?"

"हो. आता दोन. म्हणजे पिंजऱ्याने काम केलं."

ओपल मान हलवत कॅफेकडे परत गेली. तिला यंत्रातलं काही कळत नाही.

४ मे

आज दोघं परत आली ती गारांच्या पडद्यातून. आरपार. ग्रेडी गाडीतून उतरला आणि गॅरेजच्या मागे जाऊन ओकला. म्हणतो, आत तीन मिनिटं टिनाच्या डब्यात बसल्यासारखं वाटत होतं, वरून कोणी हातोडे मारतंय.

मार्लाचे गाल लाल झाले होते. "बाबा, पूर्वी पडद्याला वळसा घालण्यात वीस मिनिटं जायची. आता सरळ आत. आज सोंड टेकल्यावर पहिला फोन माझा. तिथल्या लोकांना सोळा मिनिटं मिळाली. सोळा!"

मी मोठा दिवा घेऊन टपावर तिरपा धरला. आमच्या धंद्यात पोच असे शोधतात, सावलीवरून. एक नाही. अडतीस वर्षांत असं काम माझ्या हातून झालं नव्हतं.

ओपल एक हेल्मेट घेऊन आली. तिचा नातू बेसबॉल खेळायचा, त्याचं. "गाडीच्या डोक्यावर एवढं चढवलंय," म्हणाली, "पोरीच्या डोक्यावर पण काहीतरी घाला." मार्लाने घालून दाखवलं. अगदी वेडी दिसत होती. मागच्या फळीवर टाकून दिलं.

९ मे

मागच्या फळ्या नव्याने ठोकल्या, कॅमेऱ्याच्या पेट्यांना कप्पे केले. ते हेल्मेट घरंगळत होतं आणि नव्या रंगाला घासत होतं. काढून दुकानात खिळ्याला अडकवलं.

पहाटे दोघं कॅन्ससला गेली. जाताना मार्लाने हात केला. बाजूच्या पॉलिकार्बोनेटवरची धूळ चिखलाच्या फडक्याने पुसून पुसून बारीक रेघा उठल्या आहेत. तिचा चेहरा आत नीट दिसला नाही. हात दिसला.

१६ मे

मार्लाचा फोन. "बाबा, बाजूचं काही दिसत नाही. ऊन आलं की सगळं पांढरं होतं, पाऊस आला की धुरकट. रोज चार-चार वेळा उतरावं लागतं. एका तरी खिडकीला बिजागरी लावून द्या. माझ्या बाजूची."

मी सांगितलं, एवढं मोठं भोक कापलं की दार कमकुवत होतं. बिजागरी, खटका, रबर, सगळं नव्याने आखावं लागेल. आता ऐन हंगामात नको. जूनमध्ये वादळं थंडावतील तेव्हा निवांत करू.

"जूनमध्ये काय बघायचंय मला?"

"मग उतरत जा. पाय झडले का?"

हसली. म्हणाली, "बरं, ठेवते."

खरं कारण वेगळं आहे, ते इथे लिहितो. चारही दारं सारखी झाली आहेत, एकाला भोक पाडायचं माझ्या जिवावर आलं.

२० मे

काम नाही. जेवण नको वाटतं. तिचा फोन आला नाही. हंगामात ती करत नाही म्हणा. वरच्या खोलीत तिचे ओले मोजे राहिले होते, ते धुऊन वाळत घातले.

२४ मे

पाच वाजून चाळीस मिनिटांनी ग्रेडीचा फोन आला. त्याला नीट बोलता येत नव्हतं. "मिस्टर रायमर, अपघात झाला. गारा... आम्ही ओक्लाहोमा सिटीला निघालोय, ॲम्ब्युलन्समध्ये..."

मी म्हणालो, "गाडीला काही झालं?"

असंच म्हणालो. त्याच्यामागे सायरन वाजत होता. मग म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही, सर."

मग मी मार्लाचं विचारलं.

हे कोणाला सांगता येणार नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

२५ मे

ओपलने गाडी चालवली. थेट ओक्लाहोमा सिटीच्या हॉस्पिटलपर्यंत.

मार्लाच्या डोक्याच्या डाव्या बाजूचं हाड आत गेलंय. रात्री ऑपरेशन झालं. केस काढलेत. चेहरा सुजलाय, डोळे मिटलेले. पायांवर व्हर्नाची निळी गोधडी आहे. नर्स म्हणाली, ॲम्ब्युलन्समधून तीच पांघरून आली. एका कोपऱ्यावरचं रक्त धुतलं तरी गेलं नाही.

डॉक्टर तरुण मुलगी आहे. खुर्ची घेऊन माझ्यासमोर बसली, म्हणाली, "मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. खोटी भीतीही दाखवणार नाही. थांबावं लागेल."

ग्रेडी बाहेरच्या बाकावर. त्याने सांगितलं ते असं. पडदा पार करून ते पलीकडे निघाले. मोठ्या गारा थांबल्यासारख्या वाटल्या, तुरळक पडत होत्या. सोंड उजवीकडे, मार्लाच्या बाजूला असणार होती, पण टेकली की नाही ते तिच्या खिडकीतून दिसेना. पॉलिकार्बोनेटवर पाणी आणि त्या रेघा. हवामान कचेरीला नक्की काय सांगायचं? मार्ला म्हणाली, थांब, मिनिटभर उतरते. दाराआड उभी राहिली. बघितलं. फोन केला, "टेकली, टेकली, गावाच्या दिशेने जातेय." फोन ठेवला आणि आत वळताना गार बसली. मुठीएवढी.

"गावाला अकरा मिनिटं मिळाली," ग्रेडी म्हणाला. "तिथे कोणाला काही झालं नाही." हे तो मला दोनदा म्हणाला. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

२७ मे

जाग नाही.

आमच्या चर्चचे लोक आले. डबे घेऊन आले, एक भजन म्हणून गेले. सगळ्यांनी सांगितलं की गाडी किती मजबूत निघाली, ग्रेडी तिच्यामुळे वाचला. मी मान डोलावत होतो. देवाने मला अशा वेळी काय बोलायचं ते शिकवलं नाही. व्हर्नाला शिकवलं होतं.

२९ मे

ग्रेडीने गाडी दुकानात आणून लावली. कुठे ठेवायची ते त्याला कळेना म्हणून. किल्ली टेबलावर ठेवून तो बसने आईकडे गेला.

सवयीने दिवा घेतला. टप, बॉनेट, दारं, खांब. दिवा तिरपा धरून इंच-इंच बघितलं. एकही पोच नाही. काचा चारही शाबूत. जाळीत गव्हाच्या काड्या अडकल्या होत्या, त्या काढल्या. मार्लाच्या बाजूच्या दाराच्या आतल्या कडेला रक्त होतं, ते पुसलं. दुकानात येणाऱ्या गाडीचं काय करायचं हे मला नेहमी माहीत असतं. आज दोन तास तिच्याभोवती फिरलो आणि करण्यासारखं काही सापडलं नाही.

खिळ्यावर हेल्मेट आहे. ओपल आली होती, तिची नजर तिकडे गेली. मी सांगितलं, "मीच काढलं. रंगाला घासत होतं." ती खाली स्टुलावर बसली आणि तिने पदराएवढ्या त्या एप्रनमध्ये तोंड लपवलं. मी तिला पाणीही दिलं नाही. उभा राहिलो.

ती गेल्यावर मार्लाच्या बाजूचे बोल्ट काढायला घेतले. चौदा बोल्ट. काढायला अठरा मिनिटं लागली. पॉलिकार्बोनेट भिंतीला टेकवून मी तिच्या सीटवर बसलो, बटण दाबलं. काच खाली गेली. समोर ओपलचं कॅफे, पाटीवर बर्फाच्या गोळ्याचा डाग, त्यामागे गव्हाचं शेत, सगळं स्वच्छ दिसत होतं. कापायचीही गरज नव्हती. एक पॉलिकार्बोनेट उतरवून ठेवायचं होतं, एवढंच.

जून म्हणालो होतो. तीन दिवसांनी जून लागतो.

३ जून

सूज उतरली आहे. डोळे अजून मिटलेलेच. आज उजव्या हाताची बोटं हलली, पण डॉक्टर म्हणते त्यावरून काही ठरवू नका.

दुपारच्या नर्सने विचारलं, "तुम्ही तिच्याशी बोलत का नाही? नुसते बसून असता. ऐकू येत असेल, कोणी सांगावं. काहीही बोला."

मला काहीही म्हणजे काय ते सुचेना, म्हणून गाडीचं सांगितलं. तुझ्या बाजूचं पॉलिकार्बोनेट काढलं. जाळीची उजवी बिजागरी सैल होती, घट्ट केली. झालर एका जागी फाटली, नवी आणली नाही. मोजे धुतले, वरच्या खोलीत आहेत. असं अर्धा तास बोललो असेन. नर्स मधून मधून बघून हसत होती. मग गाडीचं सांगायचं संपलं.

खुर्ची पुढे ओढली. मला वाटलं होतं त्याहून ते कठीण गेलं, बासष्ट वर्षांच्या माणसाला जाऊ नये इतकं. तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "मार्ला, तुला कुठे लागलं गं?"

यंत्राचा आवाज चालू होता. पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, कारण पहिल्यांदा आवाज फुटला नव्हता.

भेटीची वेळ संपली म्हणून नर्स सांगायला आली. मी तिला म्हणालो, थोडं थांबा, मी हिला काहीतरी विचारलंय. तिने दिवा मंद केला आणि दार लोटून गेली.